मामाजीची टोपी

मी पहिल्यापासूनच भित्री. नववीत शाळा सुटली तेही भीतीपायीच. गणिताचे सर फळ्यापाशी बोलवत अन् माझा दम भरून ये, खडू बोटातून सुटे. एक दिवस शाळेत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी, काल काऊन नाही आली म्हणून विचारतीन याची भीती, तिसऱ्या दिवशी आणखी जास्त, असं करता करता लग्नच झालं.

सासर म्हणजे गोंदिया जिल्ह्यात बोदलकशाच्या तलावाअलीकडलं गाव. घरात सासू, सासरा, नवरा अन् मी. आमच्या इकडं सासऱ्याले मामाजी म्हणतात अन् सासूले आत्याबाई. मामाजीनं कधी शिवी देल्ली नाही, हात उचलला नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याले वाटन का मी त्याईची बदनामी करून राहिली. पण ते अंगणात खाकरले का माझ्या हातचं भांडं खाली पडे. माणूस मोठा, बोलणं कमी, अन् मी त्याईच्या तोंडाकडं कधी नीट पाह्यलंच नव्हतं. पायाकडं पाहून बोले. त्याईच्या चपला मी आजही हजारात ओळखीन.

त्या गावात बायाईचा एक खेळ होता. बाजूच्या घरी एक काकी होत्या, छत्तीसगढच्या बाजूनं लग्न होऊन आलेल्या. त्याईच्या माहेरी अशी रीत का नवरदेवाची बरात गेली, गडीमाणसं सारी बरातीत गेली, का घरी राह्यलेल्या बायाईनं गड्याईचे कपडे घालाचे अन् बरात वापस येईपर्यंत गडी बनून गाव चालवाचं. कोणी पाटील, कोणी पोलीस, कोणी मास्तर. काकीनं ते इकडं आणलं. आधी लग्नातच खेळत, मंग बायाईले इतका नाद लागला का तिरोड्याचा बाजार राह्यला, गडी बाजारात गेले, का दुपारी काकीच्या अंगणात जमा. काकीजवळ एक पत्र्याची पेटी होती. त्यात धोतरं, एक काडी मोडलेला चष्मा, खाकी सदरा, शिट्टी, कोळशाच्या मिशा काढाले आरशाचा तुकडा.

मी लग्न होऊन आली तवा मले वाटलं का हा पोरखेळ. मोठ्या मोठ्या बाया, नातवंडं असलेल्या, अन् खोटं खोटं खेळतात? एकदा बिरसीच्या विमानतळाकडलं शिकाऊ विमान गावावरून गेलं, त दुसऱ्या बाजाराच्या दिवशी याईनं विमानच चालवलं. दोन बाया दोन्ही हातात सुपं घेऊन पंख झाल्या, एक पोत्यावर बसून पायलट, अन् काकी तिकीट तपासाले.

"काय वो, तुझ्या कोंबडीचं तिकीट कुठं आहे?"

"लहान आहे जी ते, अंडं होतं काल."

"अंड्याचं अर्धं तिकीट लागते. उतरव कोंबडी."

मी कोपऱ्यात पोरगी मांडीवर घेऊन बसे, हसे, पण खेळात जात नव्हती. खेळात गेलं का बोलाव लागते.

काकीचे नियम मात्र पक्के होते. पहिला नियम, ज्याचं सोंग घ्याचं त्याचीच एखादी वस्तू अंगावर पाहिजे, टोपी, काठी, चष्मा, काही बी. दुसरा, टोपी डोक्यावर असेपर्यंत हसाचं नाही अन् खऱ्या नात्यानं हाक माराची नाही. जिनं मारली तिले बैल बनून साऱ्याईले अंगणात ओढाव लागे. तिसरा नियम त्या दर वेळी पेटी बंद करताना म्हणत, "सोंगातली गोष्ट पेटीत." म्हणजे सोंगात कोण का बोललं ते हापशीवर काढाचं नाही, घरी सांगाचं नाही, त्यावरून भांडण कराचं नाही. बाया इतक्या मोकळ्या बोलत त्या याच्यामुळंच, हे मले खूप उशिरा समजलं.

अन् लग्नातल्या खेळात एक खास सोंग असे, सासरा-सुनेचं. त्यात उलटं कराचं. सून असेल तिनं सासरा बनाचं अन् सासू असेल तिनं सून. सून चार वेळा एकच गोष्ट मागे. माहेरी जाऊ द्या, नाहीतर जिलेबी आणा, असंच काहीतरी. सासऱ्यानं तीन वेळा नाही म्हणाचं, त्याच्या खऱ्या लकबीत, अन् चौथ्या वेळी हो म्हणाचं का नाही ते टोपीची मर्जी.

माझी पोरगी दीड वर्षाची होती त्या उन्हाळ्यात. तिची हातापायाची बोटं फुगत. एका सकाळी उठली त मनगटातला काळा दोरा कातडीत रुतलेला, कात्रीनं कापाव लागला. हात लावू देत नव्हती, ताप, रडून रडून आवाज बसलेला. चार-आठ दिवसानं उतरे, मंग पुन्हा फुगे. डोळे पिवळसर. अंगणवाडीच्या मॅडमनं पाह्यलं अन् मले बाजूले घेऊन म्हणाल्या, "हिचं रक्त तपासून घे. आपल्या भागात सिकलसेल राहते पोराईत, रक्ताचा आजार. गोंदियाले ने, उशीर करू नोको."

मी नवऱ्याले म्हणलं. नवरा म्हणे, "बाबाले विचार." मी आत्याबाईले म्हणलं. आत्याबाई तांदूळ निवडत होती, हात थांबला, पण म्हणाली एवढंच, "त्याईच्या मनात नाही त मी का करू." शेवटी मी दाराच्या फटीतून मामाजीलेच म्हणलं. ते खाटेवर तंबाखू मळत होते. "मालिश करा. उतरन," म्हणाले. दुसऱ्यांदा मी हिंमत केली त म्हणाले, "दवाखान्यात नेल्यानं कोणाचं भलं झालं?" अन् उठून धानाच्या बांधीकडं चालले गेले. मले वाटलं, पोट्टी आहे म्हणून. पोट्टा असता त नेला असता. मी रात्रभर पोरीची बोटं पदरात धरून बसे अन् हाच विचार करे, अन् तरी एकटीनं काळी-पिवळी जीपीत बसून गोंदियाले जाव एवढी हिंमत होत नव्हती. घरातून निघाची भीती, तिथं जाऊन का बोलाव याची भीती, न जाऊन पोरगी जाईन याची भीती. तिन्ही भीती एका छातीत, दम कसा पुरन?

त्यातच वैशाखात समोरच्या घरच्या पोराचं लग्न आलं. ट्रॅक्टर अन् एक मेटॅडोर भरून बरात गेली. मामाजी गेले, नवरा गेला. मामाजीनं नवी टोपी घातली, जुनी खुंटीले राह्यली. बरात दुसऱ्या दिवशी येणार होती. धूळ खाली बसली नाही तेवढ्यात काकीनं शिट्टी मारली.

त्या दिवशी काकी सरळ माझ्यापाशी आल्या. "आज सासरा तू."

"मी नाही वो काकी. मले नाही जमत."

"कोपऱ्यात बसून दोन वर्षं फुकटात पाह्यलं. आज बैल होते का सासरा होते, बोल."

बाया हसल्या. आत्याबाई घरात गेली अन् खुंटीवरची टोपी स्वतः घेऊन आली. मले आजही समजत नाही तिच्या मनात तवाच काही होतं का नव्हतं. तिनं टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. टोपीले घामाचा अन् तंबाखूचा वास होता. पोरगी काकीच्या सुनेनं घेतली. मले धोतर नेसवलं, खाटेवर बसवलं, अन् मी का करू म्हणून काहीच सुचेना त तळहातावर अंगठा घासाले लागली, तंबाखू मळल्यासारखा.

बाया एकदम ओरडल्या. "अवो पाहा वो, सोळा आणे तेच! मान बी तशीच वाकडी!"

दोन-तीन वर्षं मी त्याईच्या तोंडाकडं पाह्यलं नव्हतं म्हणते, पण मान वाकडी ठेवतात हे माझ्या मानेले ठाऊक होतं.

मंग आत्याबाई सून बनून आली. पदर नाकापर्यंत. तिचं वय पन्नाशीच्या वर, गुडघे दुखत, पण अशी चालली का मले ओळखू आलं, ही मी आहे. भिंतीले लागून लागून. दारामागं उभी राह्यली अन् बोलाआधी तिनं दम घेतला, हुं हुं हुं करून, मी घेते तसा. बाया पोट धरून हसल्या. माझे कान तापले. मी अशी दिसते का? एवढी? कोणी मारलं बी नाही तरी मार खाल्ल्यासारखी?

"मामाजी," ती म्हणाली, "पोरीले गोंदियाले न्याव म्हणते जी."

हसणं अर्धं राह्यलं. साऱ्याईले वाटलं होतं का जिलेबी मागन.

मी तळहातावर थापटी मारली. "मालिश करा. उतरन."

पुन्हा हसल्या, कारण आवाज तसाच निघाला होता, जाडा, नाकातून. ती दुसऱ्यांदा म्हणाली, "मालिश करून दोन महिने झाले जी. अंगणवाडीच्या मॅडम म्हणतात का रक्त तपासा."

"मॅडमले म्हणा, तुमी आपली खिचडी पाहा."

हे मामाजी कधी म्हणले नव्हते. माझंच निघालं. अन् खरं सांगते, मले मजा आली. खाटेवर बसून, टोपी घालून, नाही म्हणणं इतकं सोपं असते हे मले ठाऊकच नव्हतं. विचार कराच लागत नाही. समोरची थरथरते अन् तोंडातून नाही निघून जाते. आपल्याच पोरीच्या दवाखान्याले मी नाही म्हणून राहिली होती अन् बाया टाळ्या वाजवून राहिल्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं. पण टोपी डोक्यावर होती.

तिसऱ्यांदा आत्याबाईनं मागितलं नाही. विचारलं. "मामाजी, काऊन नाही म्हणता?"

खेळात असं कोणी विचारत नसे. मी मामाजीचंच वाक्य टाकलं. "दवाखान्यात नेल्यानं कोणाचं भलं झालं?"

तिनं पदर मागं घेतला. तोंड उघडं केलं, जे सून करत नाही, अन् सरळ माझ्या डोक्यावरच्या टोपीकडं पाहून बोलली. आवाज माझा नव्हता, तिचा होता.

"आपल्या पोरीचं नाही झालं, म्हणून हिले बी नेऊ नाही? तिची बी बोटं अशीच फुगत होती. तवा बी तुमी म्हणले, उतरन. मी गप राह्यली. नेली तवा तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली होती. तुमी आजवर म्हणता, सुई टोचली म्हणून गेली. सुईनं नाही गेली जी. आपण उशीर केला. तुमी केला अन् मी बी केला."

माझ्या नवऱ्याच्या आधी या घरात एक पोरगी झाली होती, हे मले कोणी सांगतलंच नव्हतं. म्हाताऱ्या बायाईले ठाऊक होतं, त्याईच्या माना खाली होत्या. नियमानं आत्याबाईले बैल कराले पाहिजे होतं, तिनं सोंग मोडलं होतं. पोलीस झालेल्या बाईच्या तोंडात शिट्टी होती, तिनं फुंकली नाही.

अन् चौथं उत्तर माझ्याजवळ होतं.

मी का करू? मामाजी का म्हणले असते? त्याईले असं कोणी विचारलंच नव्हतं कधी, त म्हणतीन कसे? मले एकदम आठवलं का पोरीची बोटं फुगली का ते तिच्याकडं पाहत नाहीत. जेवण अर्धं टाकून बांधीवर जातात. भर उन्हात, जिथं उन्हाळ्यात काम नसते तिथं. मी समजे का त्याईले नात आवडत नाही. त्या टोपीखाली बसून मले पहिल्यांदा वाटलं का हा माणूस भितो. माझ्यासारखाच भितो. फक्त त्याईची भीती खाकरून बाहेर येते अन् माझी दम लागून.

"जा," मी म्हणलं. आवाज फुटला. मंग खाकरून पुन्हा म्हणलं, "जा. पण एकटी जाऊ नोको. भित्री आहेस तू. आपल्या सासूले संगं घेऊन जा."

कोणीतरी हसलं, कोणीतरी नाक पुसलं. आत्याबाई वाकून माझ्या पाया पडली, सून पडते तशी, अन् मी पाय मागं घेऊ शकली नाही, कारण सासरा पाय मागं घेत नाही.

संध्याकाळी काकीनं पेटी बंद केली. "सोंगातली गोष्ट पेटीत," म्हणाल्या, पण दर वेळेसारखं जोरात नाही. मी टोपी घरी नेली, आत्याबाईनं ती खुंटीले टांगली, आम्ही भाकर खाल्ली अन् झोपलो. मी समजली, झालं, गेली गोष्ट पेटीत.

सकाळी उठून पाहते त आत्याबाईनं पोरगी न्हाऊन तयार केलेली. थैलीत दोन दुपटी, पाण्याची बाटली, चिवडा.

"चला, काळी-पिवळी सुटन."

"आत्याबाई, मामाजी येतीन ना दुपारी. त्याईले न विचारता..."

"न विचारता कशी? काल हो म्हणले ना ते. बारा बाया साक्षीले आहेत."

"पण ते त सोंग..."

"सोंग तुझं होतं," ती म्हणाली. "मी त त्याईलेच बोलली."

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात चिठ्ठी काढाची रांग. खिडकीतला माणूस हिंदीत, "क्या हुआ बच्ची को? जोर से बोलो बाई." माझ्या तोंडातून हवाच निघे. मागची रांग ढकले. आत्याबाईले हिंदी येत नाही, ती माझ्या तोंडाकडं पाहे. मंग माझी मान आपोआप वाकडी झाली अन् मी खाकरली. मामाजीवानी. "इसका खून तपासना है," मी म्हणलं, "सिकल का. हाथ सूजते है, दो महीने से." त्यानं वर पाह्यलं, चिठ्ठी फाडून देल्ली. आत्याबाईनं पदर तोंडाले लावला. रडून राहिली का हसून राहिली ते मी पाह्यलं नाही, रांग सोडता येत नव्हती.

सुई टोचली तवा पोरगी रडली. तिच्यापेक्षा घट्ट डोळे आत्याबाईनं मिटले. सुई निघाली, पोरगी रडतच होती, मंग बिस्किट हातात आलं अन् गप झाली. आत्याबाई कितीतरी वेळ तिच्या छातीवर हात ठेवून बसली होती, चालू आहे का पाहाले.

पहिल्या तपासणीतच सिकल निघालं. पक्कं कराले आणखी एकदा बोलवलं, पण डॉक्टरबाईनं समजावून सांगतलं, हा रक्ताचा आजार आहे, आईबापाकडून येते, जन्मभर राहते, पण सांभाळता येते. रोज गोळी, पाणी खूप, ताप आला का घरी बसून राहाचं नाही, लगेच आणाचं. मी सारं बोटावर मोजून पाठ केलं, जसं शाळेत कधी केलं नव्हतं. चांगली बातमी नव्हती ती. पण आता त्या फुगलेल्या बोटाले एक नाव होतं, अन् नाव असलेल्या गोष्टीले मी जरा कमी भिते.

वापस आलो तवा ऊन कललं होतं. बरात आली होती. मामाजी खाटेवर बसलेले, सदऱ्यावर हळदीचे डाग, नवी टोपी बाजूले काढून ठेवलेली. आमच्या हातातली थैली पाह्यली, पोरीच्या हाताले चिकटपट्टी पाह्यली. खाकरले. माझा दम गेला तो गेलाच.

"कोणाले विचारून गेल्या?"

आत्याबाईनं थैली खाली ठेवली. "तुमाले."

"मले? मी कवा..."

"काल दुपारी. खुंटीवरून टोपी काढून विचारलं. तीनदा नाही म्हणले तुमी. चौथ्या वेळी हो म्हणले."

बायाईचा खेळ गड्याईले ठाऊक असतेच, पाहत नाहीत फक्त. मामाजीनं माझ्याकडं पाह्यलं. मी त्या दिवशी पायाकडं पाह्यलं नाही. कसं झालं ठाऊक नाही, पण तोंडाकडं पाह्यलं. डोळ्याखाली काळं होतं, बरातीत झोप नसन झाली. तोंड एवढं मोठं नव्हतं जेवढं मी समजे.

"तीनदा नाही म्हणलो?" त्याईनं विचारलं.

"हो जी," मी म्हणलं.

"मंग चौथ्यांदा हो काऊन म्हणलो?"

मी आत्याबाईकडं पाह्यलं. ती भिंतीकडं पाहत होती. "आत्याबाईनं आपल्या पोरीचं सांगतलं," मी म्हणलं.

ते अंगणातल्या कोंबड्याईले पाहत राह्यले. मंग उठले. मले वाटलं, आता बांधीकडं जातीन. पण ते घरात गेले, खुंटीवरची जुनी टोपी काढली, गुडघ्यावर दोनदा झटकली, डोक्यावर घातली अन् माझ्या खांद्यावर झोपलेल्या पोरीपाशी येऊन उभे राह्यले. हात लावला नाही. जवळून पाह्यलं, श्वास चालते का ते, जसं आत्याबाईनं पाह्यलं होतं.

"गोळी कवा द्याची?" म्हणाले.